गाडीला माहीत नव्हतं, दाजी

दाजी, तुमच्या फोटोसमोर बसून रडायचं म्हटलं तर अक्का बसू देत नाही. "रडायचं तर आपल्या घरी जाऊन रड. इथं बसायचं तर मेथी निवड," म्हणते. म्हणून मेथी निवडता निवडता मनातल्या मनात तुमच्याशी जे बोलले, ते आता लिहून काढतेय. तुम्हाला माझं बोलणं मध्येच तोडायची सवय. आज तेवढं तुम्हाला जमणार नाही, आणि त्याचंच फार वाईट वाटतंय.

तेराव्यापर्यंत माणसं येत होती. काळे कोट घातलेली तुमची मित्रमंडळी आली. लातूरच्या कोर्टात अशी उलटतपासणी घेणारा दुसरा वकील नाही, असं जो तो सांगत होता. मी मान हलवत राहिले. तुमचं कोर्ट मी कधी पाहिलं नाही. पण माझी उलटतपासणी तुम्ही वर्षभर घेतलीत, अक्काच्या जेवणाच्या टेबलाशी, फोनवर, चालत्या गाडीत. विषय एकच. गाडीच्या काचेमागचा कॅमेरा वाकडा झाला तर ते गाडीला कळतं का, आणि कळलं नाही तर तिनं काय करावं?

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते, तुम्ही जरा थांबा. हल्लीच्या काही गाड्यांत समोरच्या काचेला आतून, आरशामागं, एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो, पुढची वाहनं बघतो, माणसं बघतो. गाडी पट्ट्याबाहेर जायला लागली तर स्टिअरिंग हलकंसं ओढून तिला आत आणतो, समोर काही आडवं आलं तर ब्रेक लावतो. पण हे सगळं त्या कॅमेऱ्याचं तोंड नेमकं कुठं आहे यावर अवलंबून. काचेपाशी केसाएवढा फरक पडला की लांबवर तो हातभर होतो. मी नांदेडला घरी बसून पुण्याच्या ज्या कंपनीचं काम करते, तिथं माझ्याकडं हाच भाग आहे. गाडी चालू असताना, कॅमेऱ्याला जे दिसतंय त्यावरूनच, कॅमेरा जागेवरून हलला आहे का ते ओळखायचं.

तुम्ही नवी गाडी घेतलीत तेव्हा तिच्यात असा कॅमेरा होता. झालं! कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांना सांगून मोकळे, "आमच्या मेहुणीनं बनवलाय." मी किती वेळा म्हटलं, "दाजी, तुमच्या गाडीतलं आमचं न्हाई, ती कंपनी वेगळी." तुम्ही म्हणायचा, "कंपनी वेगळी असली तरी काम एकच न्हाई का?" त्या वाक्यात मी पुढं किती अडकणार आहे, ते तेव्हा मला कुठं माहीत होतं.

मग चाकूरजवळ एका ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि तुमच्या काचेला तडा गेला. तुम्ही लातूरलाच एका दुकानात काच बदलून घेतलीत. दुकानदारानं जुन्या काचेवरचा कॅमेरा काढून नव्या काचेवर बसवला. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. सगळं ठीक. घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, कधी रेणापूरला एखाद्या पक्षकाराच्या घरी. तुम्ही गाडी चालवत राहिलात.

त्यानंतर मी सुट्टीला आले होते, तेव्हा आपण तिघं चाकूरला साखरपुड्याला निघालो. तुम्ही चालवत होता, अक्का शेजारी, मी मागं. उसाचे दिवस होते. मोठ्या रस्त्याला लागलो, स्वच्छ पांढरे पट्टे दिसायला लागले, तुम्ही गाडीला वेग दिलात. अक्का साडीच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. आणि गाडीनं डावीकडं ओढ घेतली. डाव्या कडेला चाक निखळलेली उसाची ट्रॉली उभी होती, मागं लाल चिंधीसुद्धा नव्हती. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडं दाबलंत, गाडी पुन्हा डावीकडं. दोन माणसं एकच चाक धरून भांडतात तसं झालं. तुमच्या दंडाची शीर मला मागून दिसत होती. उसाची पानं आरशाला घासून गेली. अक्काच्या बाजूची काच उघडी होती. एक पान आत येऊन तिच्या मांडीवर पडलं.

तुम्ही पुढं जाऊन गाडी कडेला घेतलीत. मग तुम्ही आरशातून माझ्याकडं बघितलंत.

"इंजिनेर, गाडीनं मला काय सांगितलं?"

"काहीच न्हाई, दाजी."

"दिवा लागला? आवाज केला?"

"न्हाई."

"म्हणजे कॅमेरा ठीक हाय, असं तिचं म्हणणं."

"तिला माहीत नव्हतं."

"मग 'माहीत न्हाई' म्हणायला तिला काय झालं होतं?"

"आधी पाणी प्या दोघंबी," अक्का म्हणाली. तिनंच बाटली उघडून दिली. तुम्ही पाणी प्यालात. प्रश्न मात्र सोडला नाही. साखरपुड्याच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन उभा, आणि तुम्ही माझ्याकडं वळून विचारताय, "तिला कधी कळणार होतं?"

मी सांगितलं होतं, तेच पुन्हा सांगते. कॅमेरा स्वतःला तपासतो तो पट्ट्यांवरून. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंचे पट्टे लांबवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. तो बिंदू चित्रात जिथं असायला हवा तिथं नसला, तर कॅमेरा वळलेला आहे. पण रस्त्याला वळण असतं, खड्डा असतो, त्यामुळं एका नजरेत निकाल देता येत नाही. बरंच अंतर बघत बघत जावं लागतं. तुमची गाडी काच बदलल्यापासून पट्टे नसलेल्या रस्त्यांवरच फिरत होती. तपासणीला काही हाती लागलंच नाही. आणि निकाल लागत नाही तोवर गाडी 'ठीक' असंच धरून चालते. मोठ्या रस्त्याला पट्टे दिसले, तसा स्टिअरिंग ओढणारा भाग लगेच जागा झाला. तपासणारा भाग अजून बघतच होता. कॅमेरा किंचित उजवीकडं वळलेला होता, त्यामुळं गाडीला वाटलं की आपलंच तोंड उजवीकडं आहे, आणि ती स्वतःला डावीकडं आणत राहिली.

"म्हणजे साक्षीदारानं आधी साक्ष दिली," तुम्ही म्हणालात, "आणि शपथ मागून घेणार होता."

जिलबी तशीच राहिली. वाढपी कंटाळून पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी आपण त्या काचेच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, तुम्ही त्याला फाडून खाणार. दुकानदार म्हणाला, "वकीलसाहेब, काच तर मी बरोबर बसवली." आणि ती बरोबरच होती. आरशामागचं झाकण काढलं तेव्हा दिसलं, कॅमेरा धरणाऱ्या पट्टीची एक बाजू खाचेत पूर्ण गेलीच नव्हती. बोटानं दाबली तसा टक् आवाज झाला. त्या माणसाचा चेहरा उतरला. काच बदलली की कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते, समोर ठराविक अंतरावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा फलक लावून, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "नोटीस देणार?" तुम्ही म्हणालात, "कुणाला? ह्याला? ज्याला सांगितलंच न्हाई त्याला नोटीस देऊन काय करू?" मग तुम्ही परत आत गेलात आणि जुळणी कुठं करून मिळते ते त्याच्याच फळ्यावर त्याला लिहायला लावलंत, पुढच्या गिऱ्हाइकांसाठी. तुमची गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन तशी जुळणी करून घेतली. तुमचा प्रश्न सुटला. पण तुम्ही मला सोडलं नाही.

"तुमच्या कंपनीच्या गाड्यांत काय होतं?" तुम्ही फोनवर विचारलंत.

आमच्याकडंही तेच होतं. निकाल नाही म्हणजे ठीक. मी तसं सांगितलं.

"मग बदल ना ते."

तुम्हाला वाटायचं, मी एक ओळ खोडली की झालं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला तुमचा राग आला होता. तुम्ही आयुष्यभर मोटार अपघाताचे दावे लढलात. नवरा गेलेल्या बायका, पाय गेलेले ड्रायव्हर, तुमच्या ऑफिसातल्या बाकावर बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. तुम्हाला प्रत्येक गाडी आरोपीच वाटायची. मी म्हटलं, "पट्टे नसलेल्या रस्त्यावर गाडी सारखी 'माहीत न्हाई, माहीत न्हाई' करत बसली तर लोक वैतागून सगळंच बंद करून टाकतील." तुम्ही म्हणालात, "मग पट्टे नसताना ओळखायला शिकव तिला. आपल्याकडच्या लोकांनी काय गाड्या घेऊ न्हाईत का?"

हे बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं. आमच्या चाचण्या चांगल्या रस्त्यांवर व्हायच्या. जळकोटच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या रस्त्याचा विचार आम्ही कुणी केलाच नव्हता, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून मी कामाला लागले. गाडी सरळ जात असली की समोरचं सगळं एका बिंदूतून फुटून बाजूला सरकताना दिसतं. बाभळी, खांब, मैलाचे दगड, बांधावरचं गवत, सगळं. त्यासाठी रंगाचा पट्टा लागत नाही. तो बिंदू सापडला की कॅमेऱ्याचं तोंड कळतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण खडबडीत रस्त्यावर, गाडी उसळत असताना, ते भरवशानं करणं अवघड. मी माझ्या गाडीत एक कॅमेरा बसवला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ड्रायव्हर म्हणून तुम्हाला धरलं. शनिवारी मी लातूरला यायची, रविवार उजाडला की तुम्ही तयार. अक्का म्हणायची, "आठवडाभर कोर्ट, आन् रविवारी बी कोर्टच की हे."

ते रविवार, दाजी! रेणापूरच्या आतल्या रस्त्यांनी, जळकोटच्या घाटातून, कुठं कुठं फिरलो आपण. निघायच्या आधी तुम्ही मला गाडीपासून लांब उभं करायचा आणि लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची घडी कॅमेऱ्याच्या पट्टीत खुपसायचा, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, कधी खालून. मग गाडी सुरू. मी स्क्रीनकडं बघत बसायची आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत चालवायचा.

"सांग, कुठं वळवलाय?"

"थांबा, अजून बघून राहिलाय."

"लई वेळ लावतो हा तुझा साक्षीदार."

"उजवीकडं!"

"हाव, बरोबर."

सुरुवातीला दहात चार वेळा तरी चुकायचं. बैलगाडी आडवी आली की चुकायचं, शेळ्यांचा कळप आला की पार गोंधळायचं. चुकलं की तुम्ही काही बोलायचा नाही, नुसतं "पुढची तारीख" म्हणायचा आणि गाडी वळवून पुन्हा तोच रस्ता घ्यायचा. मी थकायची. तुम्ही थकला नाहीत. एकदा मी चिडून म्हणाले की बास, हे होण्यासारखं नाही. तुम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलात, दोन चहा सांगितलेत आणि चहा संपेपर्यंत कॅमेऱ्याचा क सुद्धा काढला नाही. आईच्या गुडघ्याबद्दल विचारलंत, आमच्या ह्यांच्या कॉलेजातल्या भानगडी विचारल्यात. चहा संपल्यावर म्हणालात, "चल, उजेड हाय तवर एक चक्कर मारू." मी निमूट उठले. तुमच्या त्या एका चकरेनं माझं काम पुढं सरकलं, असं मोठ्या तोंडानं म्हणायला मला आवडेल, पण त्या चकरेतही ते चुकलंच. सुधारलं पुढच्या महिन्यात. पण मी उठले होते, एवढं खरं.

आणि तो एक रविवार. तुम्ही म्हणालात, "आज ओळख." स्क्रीननं निकाल दिला, कॅमेरा वर बघतोय. मी ठामपणे सांगितलं, "खालून घडी घातलीय." तुम्ही गाडी थांबवलीत, खाली उतरलात आणि टाळ्या वाजवत हसायला लागलात. "घडीच घातली न्हाई! निर्दोष माणसाला फाशी दिलीस, इंजिनेर!" मी चक्रावले. मग डिकी उघडली. आत तुरीचं पोतं. आईनं अक्कासाठी दिलेलं, आदल्या दिवशी मीच जळकोटहून आणलेलं आणि उतरवायचं विसरलेलं. मागं वजन पडल्यानं गाडीचं नाक वर झालं होतं, त्यामुळं कॅमेरा खरोखरच वर बघत होता.

"मग निकाल बरोबरच हाय," मी म्हटलं.

"निकाल बरोबर, पण आरोपी चुकीचा. गुन्हा तुरीचा, कॅमेऱ्याचा न्हाई. आता ह्या बिचाऱ्याला दुकानात न्हेऊन त्याची पट्टी पिळणार का तुम्ही?"

भर रस्त्यात, डिकी उघडी टाकून, तुरीच्या पोत्यावर हात ठेवून आपण अर्धा तास भांडलो. एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारता झाला, "काय झालं साहेब, पोतं चोरीचं हाय का?"

त्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत बसून मी तुम्हाला जे बोलले, ते मला पुन्हा पुन्हा आठवतंय. मी म्हटलं, "आज तुम्ही बघितलं ना, खोटा आरोप कसा होतो? तुमचं म्हणणं, शंका आली की सगळं बंद करा. पण दाजी, तोच कॅमेरा ब्रेकसुद्धा लावतो. रस्त्यात पोर आलं, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं आणि गाडीनं ब्रेक लावला, तर ते पोर वाचतं. खोट्या शंकेपायी आपण ते बंद ठेवलं आणि पोर गेलं तर? ज्याला गाडीनं वाचवलं, तो तुमच्या ऑफिसात कधी येतो का? तो घरी जातो. तुम्हाला फक्त बाकावर बसलेली माणसं दिसतात."

तुमच्या कपातला चहा निवला. मला वाटलं, जास्त बोलले. मग तुम्ही म्हणालात, "ह्याचं उत्तर मला लगेच न्हाई देता येणार. विचार करून सांगतो."

तुम्ही असं म्हणालेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आत जाऊन मी अक्काला सांगितलं, "दाजींना मी आज गप्प केलं." ती म्हणाली, "गप न्हाई झाले. आता रात्रभर कूस बदलत बसतील."

पुढच्या रविवारी तुम्हाला कोर्टाचं काही काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी मला पुण्याला जावं लागलं. आणि त्यानंतर एका सकाळी, कोर्टात जायला म्हणून तुम्ही खुर्चीवर बूट घालायला बसलात आणि तिथंच. अक्काला वाटलं, खाली वाकून मोजा शोधताहेत. तिनं आतून दोनदा आवाज दिला.

मी नांदेडहून निघाले. गाडी हे चालवत होते. चाकूर सोडल्यावर, जिथं ती ट्रॉली उभी होती, तिथं मी खिडकीतून बघितलं. रस्ता मोकळा होता. लातूर येईपर्यंत मी मनाशी एवढंच घोकत होते, तुम्ही विचार करून सांगणार होता. तुम्ही शब्द मोडणारे नव्हता.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी आमची पुण्याची मोठी बैठक होती. आमचे वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, पुढं ढकलू, तुमच्याकडं असं झालंय." मी म्हटलं, "ढकलायची नाही." तुमच्या खोलीतच बसले, तुमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. अक्कानं खोलीचं दार लोटून घेतलं.

मी मांडलं ते असं. गाडीला दोन नाही, तीन गोष्टी म्हणता आल्या पाहिजेत. कॅमेरा ठीक आहे. कॅमेरा हलला आहे. आणि तिसरी, तपासणी बाकी आहे. काच बदलली, कॅमेरा काढून बसवला, म्हणजे त्याची वायर एकदा सुटली, की गाडी तिसऱ्या स्थितीत जाणार. तपासणी पुरी होईपर्यंत ती स्टिअरिंगला हात लावणार नाही आणि ड्रायव्हरला तसं स्पष्ट सांगणार. ब्रेक मात्र चालू राहणार, कारण समोर आडवं आलेलं वाहन किंवा माणूस ओळखायला केसाच्या फरकानं तितकं बिघडत नाही, आणि तो बंद ठेवण्याचा धोका जास्त. शिवाय निकाल देताना कॅमेरा हलला की गाडीत ओझं आहे, हे वेगळं करून सांगायचं.

वरिष्ठ म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरेल. आपल्याच गाडीवर 'तपासणी बाकी' वाचून तक्रार करेल."

"करू दे," मी म्हटलं. "आपल्याला माहीत नसताना 'ठीक आहे' म्हणणं, हे माझ्या हातून यापुढं होणार नाही. दुसऱ्या कुणाला हा भाग द्यायचा असेल तर द्या."

शेवटी ठरलं ते असं, एका मॉडेलमध्ये करून बघायचं. अट एकच, पट्टे नसलेल्या रस्त्यांवर खोटे आरोप किती कमी होतात ते आधी सिद्ध करून दाखवा. चाचणीची गाडी आणि ड्रायव्हर लातूरला पाठवतो. पूर्ण जिंकले नाही मी, पण हरलेही नाही. दार उघडून बाहेर आले तर अक्का तिथंच उभी.

"लई आवाज चढवला होतास."

"चढवावा लागला."

"बरं झालं," ती म्हणाली. तुम्ही गेल्यापासून माझ्यासमोर ती पहिल्यांदा तेव्हा रडली.

तर दाजी, स्टिअरिंगच्या बाबतीत मी तुमचं ऐकलं. ब्रेकच्या बाबतीत नाही ऐकलं. तुमचं उत्तर काय असतं, मला कळणार नाही. कदाचित तुम्ही म्हणाला असता, हाव, ब्रेक चालू ठेव. कदाचित असा एखादा मुद्दा काढला असता की माझी झोप उडाली असती. मी दोन्ही बाजूंनी बोलून बघते, तुमच्या आवाजात आणि माझ्या. पण तुमच्या बाजूनं बोलताना मला तेवढंच सुचतं जेवढं मला आधीच माहीत आहे. तुम्ही नेमकं त्यापलीकडचं काढायचा. ती जागा रिकामीच राहणार. ती भरायचा प्रयत्न मी करणार नाही, तिथून येणारा प्रश्न ऐकू यावा म्हणून फक्त कान उघडे ठेवीन.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगितली नव्हती. त्या तिसऱ्या स्थितीवर आम्ही बैठकीच्या आधीपासूनच चाचणीपुरतं काम करत होतो, आणि पुण्याच्या आमच्या टीममधली सगळी पोरं तिला 'दाजी' म्हणतात. तुमच्या उलटतपासणीचे किस्से मी त्यांना सांगायची, त्यातून ते पडलं. "गाडी आत्ता दाजीत आहे," "दाजीतून बाहेर यायला फार वेळ लागतोय," असं चालू असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बाररूमभर मिरवलं असतं आणि वर माझ्याकडं जेवण मागितलं असतं. म्हणून म्हटलं, काम पुरं झालं की सांगू. काम पुरं व्हायचंय अजून. सांगून टाकते.

आणि अक्काची काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही, कारण ती एकटी जेवत नाही, ताट घेऊन टीव्हीसमोर बसते आणि ताट तसंच परत नेते. पण तुमची गाडी विकायची का असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती ताडकन म्हणाली, "का? मी शिकणार हाय." खरंच ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलंय तिनं. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी तीन वेळा बंद पडली, तर शिकवणाऱ्यालाच म्हणाली, "तुमची गाडीच नीट न्हाई."

काल चाचणीची गाडी आली. पुण्याचा ड्रायव्हर, आपल्याकडं पहिल्यांदाच आलेला, नकाशा उघडून बसलेला. मी लॅपटॉप घेऊन मागच्या सीटवर बसले. तेवढ्यात अक्का डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली, कुलूप लावलं आणि पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसली. मी काही विचारलं नाही.

"मॅडम, सुरुवात कुठून करायची?" ड्रायव्हरनं आरशातून मला विचारलं. "मोठ्या रस्त्यानं घेऊ?"

मी तोंड उघडायच्या आत अक्कानं पट्टा ओढून लावला आणि हातानं डावीकडं दाखवलं.

"मोठा रस्ता नगं. आधी रेणापूरच्या आतल्या रस्त्यानं घ्या. तिथं एक पट्टा न्हाई."